धाकटीनं मशेरी सोडली

कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. ९ नोव्हेंबर १९९४

चि. प्रतिक्षा हिस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पावलं. पुण्याला मनाचं शास्त्र शिकाय गेलीस, आन् विचारतीस काय, तर दात-हिरड्या जळत्यात तरी बायका मशेरी का सोडत न्हाईत. ह्याला कॉलेज कशाला लागतं? सकाळी बायका मशेरीला जमत्यात त्या गोजरबाईच्या वळचणीला येऊन बस, कळंल.

बाई उठल्यापास्नं शेण, पाणी, भाकरी करती. जरा टेकली की सासू हाक मारती. पण तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आन् बोट तोंडात असलं की कोण हाक मारत न्हाय. मारली तरी ओ देता येत न्हाय. तेवढाच तिचा इसावा. कुणाच्या अंगावर वळ हाईत, कुणाच्या पोटात दुखतंय, समदं तितंच कळतं.

मी सोडली ती काय शहाणपणानं न्हाय, दाढा दुखून जीव जायची पाळी आली म्हणून. तरी त्यांच्यात बसते. तुझी धाकटी आजी, माझी जाऊ चंद्रा, तिचं बोट मात्र तोंडातनं निघत न्हाय. भावजी गेल्यापास्नं तर जास्तीच. तिचा ल्योक झुंबर दिवसभर मळ्यात, सून शाळेवर नोकरीला. घरात भिताडाशी बोलायचं, म्हणून सांजसकाळ माझ्या दारात.

जेवत जा, पुस्तकानं पोट भरत न्हाय. लोभ हायच, तो माझ्याच्यानं कमी व्हत न्हाय.

तुझी आजी,
सारजा

पुणे,
ता. २२ नोव्हेंबर १९९४

ती. आजीस प्रतिक्षाचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. ते हसून म्हणाले, आजींनाच वर्गावर बोलवा.

आजी, आमचा अभ्यास हाच आहे की माणूस वाईट सवय सोडतो ती कुणामुळे. डॉक्टरांनी भीती घातली तर चार दिवस फरक पडतो. पण जवळच्या माणसाच्या शब्दाखातर माणसं खरंच सोडतात, आणि दुसऱ्याचं मन राखणाऱ्या स्वभावाची माणसं तर लवकर सोडतात, असं दिसतंय. धाकटी आजी अगदी तशी आहे. आणि तिला तुझ्याहून जवळचं कोण? तू मनावर घे. फक्त शिव्या देऊ नकोस, तुझी जीभ मला ठाऊक आहे.

दोन्ही आज्यांचा लोभ मला सारखाच मिळत राहो.

तुझी,
प्रतिक्षा

कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. १८ जानेवारी १९९५

चि. प्रतिक्षा हिस आशीर्वाद. वि. वि. शिव्या देऊ नको म्हणलीस, म्हणून एक शिवी दिली न्हाय. बोलणंच बंद केलं. चंद्राला सांगितलं, मशेरी सुटंल त्या दिवशी माझ्या दारात ये, तवर मी तुझी कोण न्हाय.

आदी तिला वाटलं चेष्टा हाय. मग रोज येऊन उंबऱ्याशी उभी ऱ्हायची. मी आपली तांदूळ निवडत बसायची. संक्रांतीला तिळगूळ घिऊन आली. मी सुनंला घ्याय सांगितलं आन् आत गेले. सून म्हणली, आत्याबाई, सणाला तरी. मी म्हणलं, सणाला ढिली पडले तर वरीसभर कसली ताठ ऱ्हाते?

गोजरबाईकडं बी जाते, पण चंद्रा आली की उठते. आता ती येतच न्हाय. बघू कुणाचा जीव घट्ट.

थंडी हाय, कानाला बांधत जा. लोभ ठेव.

सारजा

कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. २० मार्च १९९५

चि. प्रतिक्षा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं शास्त्र खरं निघालं. धाकटीनं मशेरी सोडली.

शिमग्याच्या आदल्या दिवशी आली आन् माझ्यादेखत डबी उकिरड्यावर उपडी केली. म्हणली, आक्का, तुमच्यासाठी सोडली, आता तरी बोला. दगडाबाई शेजारनं बघत व्हती, तिच्या डोळ्याला पाणी आलं. माझ्या न्हाय आलं, पण बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. माझ्यासाठी कुणी काय सोडल्यालं मला आठवत न्हाय.

होळीला दोघी एका ताटात बसलो. कटाची आमटी तिनं बाजूला सारली, पोळी दुधात कुस्करून खाल्ली. मी म्हणलं, म्हातारे, दात गेलं व्हय? तर नुसती हसली, तोंड मिटून. आता सांजच्याला पैल्यासारख्या बसतो. मीच बोलते, ती ऐकती. मशेरी सुटल्यापास्नं गप झालीया.

तुझ्या सरांना सांग, कोऱ्हाळ्याची म्हातारी जिंकली. लोभ वाढव, न्हायतर तुझ्याशी बी बोलणं बंद.

सारजा

पुणे,
ता. २ एप्रिल १९९५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी खोलीत नाचले. तुझ्या अबोल्याचं वाचलं तेव्हा खरं तर ते मला पटलं नव्हतं. लिहून थांबवावं असं वाटलं, पण काय होतंय ते बघू म्हणून थांबले.

काल विभागात मी हे उदाहरण मांडलं, नाव न घेता. टाळ्या पडल्या. प्रबंधात त्याला स्वतंत्र जागा द्यायची म्हणतात सर. धाकट्या आजीला माझ्याकडून गोड काहीतरी खाऊ घाल.

तिला आणि तुला नमस्कार. लोभात मला धाकटीच राहू दे.

प्रतिक्षा

कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. ११ जुलै १९९५

चि. प्रतिक्षा हिस आशीर्वाद. पत्र मिळंल त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जाऊन चौकशी कर. झुंबर चंद्राला घिऊन गुरुवारी येतोय.

आठवडा झाला, तिला पाणी बी गिळंना. मी तोंड उघड म्हणलं तर पदर लावला. दगडाबाईनं हात धरलं, मी जबडा धरला. गालाच्या आत खड्डा पडलाय, पोरी. बारामतीच्या डॉक्टरनं बघितलं आन् झुंबरला बाहेर न्हेलं. कॅन्सर हाय म्हणलं.

मी विचारलं, कवापास्नं? म्हणली, संक्रांतीच्या आदीपास्नं. मी म्हणलं, तवा तोंड शिवलं व्हतं का? म्हणली, कुणाला सांगू? तुमी बोलत नव्हता.

मशेरी लावली की आग व्हायची, म्हणून सुटली. माझ्यासाठी न्हाय. मी म्हणलं, मग खोटं का बोललीस? तर म्हणली, दुखतंय म्हणून सोडली म्हणले असते तर तुमाला काय त्याचं? तुमच्यासाठी सोडली म्हणलं म्हणून तर दारात घेतलं. नंतर सांगावं तर परत बोलणं तुटंल, म्हणून गप ऱ्हायले.

गुरुवार चुकवू नको.

सारजा

पुणे,
ता. ३० जुलै १९९५

ती. आजीस सा. न. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, थंडीत आणलं असतं तर काही करता आलं असतं. आता वेदना कमी करायची औषधं देऊन घरी न्या म्हणतात. झुंबरकाका उद्या घेऊन निघतील.

आजी, हे करायला तुला मीच सांगितलं होतं. प्रबंधातली ती पानं मी फाडून टाकली. धाकट्या आजीकडे बघायची हिंमत झाली नाही. मला लोभ मागायचा हक्क नाही.

प्रतिक्षा

कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. १४ ऑक्टोबर १९९५

चि. प्रतिक्षा हिस आजीचे आशीर्वाद. वि. वि. चंद्राचं दिवस झालं काल. पाव्हणं पांगलं, घर गप हाय, म्हणून लिहिते.

शेवटाला तिला बोलता येत न्हवतं. मी उशाला बसून बोलायची. कुणाची म्हस व्याली, कुणाचा ऊस तुटला, दगडाबाई सुनंशी कशी भांडली. ती डोळ्यानं हां म्हणायची. मी जरा थांबले की माझं मनगट दाबायची. बोला, म्हणायची तसं. मी घसा बसस्तवर बोलले. तिच्या वाट्याचं ऱ्हायल्यालं काय त्यानं फिटलं न्हाय.

रडून लिहितीस, दोष तुझा म्हणून. दोष वाटून घ्याय ती काय रानाची वाटणी हाय? पानं फाडलीस ते चुकलं. परत लिही. चंद्राची मशेरी जवळच्या माणसासाठी सुटली, हे लिहू नको. जवळचं माणूस तुटंल म्हणून तिनं दुखणं लपवलं, हे लिही. नाव घालून लिही. झुंबरला मी इचारलंय, तो हो म्हणला.

मी आता कालव्यावर धुण्याला जाते. कुणाला सोड म्हणत न्हाय. बोलते, आन् बोलता बोलता तोंड उघडाय लावते. पैल्यांदा समद्या हसल्या, म्हणल्या म्हातारीला याड लागलं. छबूबाईच्या गालात आत पांढरा डाग हाय. ती म्हणती, दुखत तर न्हाय. मी म्हणलं, दुखत न्हाय तवरच दवाखान्यात जायचं. नवरा सोडीना, तर त्याला जे बोलायचं ते बोलले, ते कागदावर लिहिण्यासारखं न्हाय.

सोमवारी सकाळच्या यस्टीनं तिला घिऊन येतीया. स्वारगेटला ये. लोभ हायच, तो इचारत बसू नको, आन् यायला उशीर करू नको.

तुझी आजी,
सारजा