कुलूप ओढणारा हात

ती. आईस, धाकटीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, खोकलाही जवळजवळ गेलाय. आता खरी बातमी: सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात ना, ती या वेळी एका अख्ख्या सिनेमाची मी केली.

तुला ती नावं कुठली माहीत असायला? कुलूप ओढून बघायला तू अर्ध्या जिन्यातून परत जायचीस. आपण थिएटरात पोचेपर्यंत नावं संपलेली आणि बाबा फुगलेले.

आमच्या साहेबांना काही पसंतच पडेना. उडती अक्षरं नकोत, दणदणीत संगीत नको. गोष्ट आहे घर सोडून निघालेल्या बाईची. शेवटी मी उठून सगळ्यांसमोर तुझी नक्कल केली. गॅस बघितला, खिडकी लावली, कुलूप ओढलं, परत येऊन पुन्हा ओढलं. साहेब म्हणाले, "हेच पाहिजे. कोण गं ही बाई?"

आता पडद्यावर नुसता एक हात दिसतो. तो कुलूप ओढतो, कडी खडखडते आणि प्रत्येक खडखडीला एक नाव उमटतं. संगीत एवढंच. अक्षरं साधी, पण हट्टाने मोठी ठेवलीत, तुझ्या मोतीबिंदूसाठी. ऑपरेशनची तारीख घेतलीस का? बाबा सोबत येतील ना?

सिनेमा तिकडेही लागेल. त्या दिवशी कुलूप एकदाच ओढ आणि नीघ. नाहीतर पडद्यावर तुझा हात कुलूप ओढत असेल, आणि तू घरी दारात उभी राहून तेच करत असशील.

तुझीच,
धाकटी