मुक्या टीव्हीतलं अस्वल

पर्वत पाटिया, सुरत
५ जून २०२५

ती. ललितदादास,
सोनालीचा सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण आपल्या एका खोलीत पप्पा शेजारीच असतात. बातमी अशी, की एक कार्टून अहिराणीत येतंय आणि त्यातल्या भांडखोर कासविणीच्या आवाजासाठी मी टेस्ट दिली. पार माती खाल्ली रे! हातात संवादांचा कागद आला आणि मी बातम्या वाचल्यासारखी वाचत सुटले. स्टुडिओतल्या रंजनाताईंनी दया येऊन सोळा तारखेला पुन्हा बोलावलंय. हीही संधी हुकली तर जन्मभर दुकानात साड्यांच्या घड्या घालत बसेन. पप्पांना यातलं काही माहीत नाही. काहीतरी सुचव, आणि हसू नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सोनाली

धुळे
१० जून २०२५

चि. सोनालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसलो, काय करू! अगं, आपल्या लहानपणी पप्पा कापडाच्या लूमवरची रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, म्हणून सुट्टीभर टीव्हीचा आवाज बंद. अस्वलाच्या कार्टूनचे तेच ते भाग आपण पाहायचो. ते अस्वल खरं काय बोलायचं, देव जाणे! मला आठवतं ते मध चोरीला गेल्यावर तू माझ्या कानात अहिराणीत कुजबुजलेलं, "मना मध कोनी खादा रे?" मी उशीत तोंड खुपसून हसायचो. तेव्हा कुठला कागद होता तुझ्याकडे? तिथेही आवाज बंद करायला लाव, तेच चित्र पुन्हा पुन्हा बघ आणि बोल.

पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवतो. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.

तुझा,
ललितदादा

पर्वत पाटिया, सुरत
१७ जून २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जिंकले! कागद बाजूला ठेवला, चित्र मुकं करायला लावलं. दोनदा-तीनदा पाहिलं आणि कासवीण आपसूक भांडायलाच लागली. काचेपलीकडची माणसं पोट धरून हसत होती. सगळे भाग मलाच मिळाले, दादा!

घरी येऊन भीतभीत पप्पांना सांगितलं. ते नुसता चहा पीत राहिले. मला वाटलं, आता नोकरीवरून बोलणी खावी लागणार. तर त्यांनी कप खाली ठेवला आणि घोगऱ्या आवाजात मला विचारलं, "मना मध कोनी खादा रे?"

मला रडूच फुटलं. तेव्हा झोपत नव्हतात का, असं विचारलं, तर म्हणाले, झोपलो असतो तर तुझं अस्वल ऐकायचं चुकलं असतं.

पेढे जास्त आण. माया राहू दे, आम्हा दोघांवर.

तुझी,
सोनाली