तक्ता चारमधल्या बायका

२ मे, शुक्रवार
कॉलेजच्या कोर्सचं शेवटचं काम उरलं. माध्यमांवरच्या एका संशोधनाचा सारांश, तीनशे शब्दांत. पास झाले की सर्टिफिकेट. सर्टिफिकेट आलं की महिला मंडळाचं पत्रक दर रविवारी जिल्ह्याच्या रेडिओवर मी वाचणार. चर्चच्या पाळकसाहेबांनी तसा शब्द दिलाय. मॅट्रिकला निबंधात मी पहिली होते. उद्या दुपारपर्यंत उरकेल. देवाची कृपा.

३ मे
नाही उरकलं. वाइओलानं मोबाईलवर संशोधन उघडून दिलं. अक्षर मुंगीएवढं, डोळे चुरचुरले. शेवटी दुकानातून छापून आणलं. एका पानाला एक टाला, एवढे पैसे म्हणजे दरोडाच. पहिली दोन पानं छापू दिली नाहीत. पहिल्या पानांत नुसती नावं न् आभार असतात, हे कुणालाही ठाऊक आहे. वाचलेल्या पैशांत मासळीचा डबा आला.
वाइओला म्हणाली, आई, सगळी पानं घे गं. मुलींना काटकसर कळत नाही.

५ मे, संध्याकाळ
विषय चांगला आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी बायका मोबाईलवर काय बघतात. ‘किनाऱ्यावरचं एक गाव’, साठ बायका. तिघींतली एक मालिका बघते! प्रार्थनेत!
एवढ्यात प्रार्थनेचा शंख वाजला. बायबलचं वचन काढायला मोबाईल हातात घेतला, तर ती फिलिपिनो मालिका आपोआप लागली. बंद करायचं बटण सापडेपर्यंत भाग संपला.
सारांश उद्या.

८ मे
तक्ता चार. वय, मुलं, नवऱ्याचा धंदा, रोज किती वेळ बघते, सगळं लिहिलंय. नाव नाही! हा कसला हिशेब? चर्चमध्ये दान वाचतात ते नावासकट. नुसता आकडा वाचला तर लोक म्हणतील, खजिनदारानं खाल्ले.
पुन्हा वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. चार मुलं, चटया विणते, नवरा होडीवर. ही तर आमची शेजारीण फुआतिनो! म्हणजे किनाऱ्यावरचं गाव आपलंच. विचारणारे आले तेव्हा मी राजधानीला, आपियाला बहिणीकडे असणार.
नावं मी भरते. कोर्सचे सर खूश होतील.

१० मे
फुआतिनोला सहज विचारलं, प्रार्थनेत काय बघतेस? म्हणाली, मी? मी तर डोळे मिटून असते. म्हटलं, कॉलेजच्या तक्त्यात आहेस तू. तिचं विणणं थांबलं. म्हणाली, आवाज बंद ठेवते गं सिएनी, फक्त चित्र बघते. चित्रानं देवाला काय त्रास?
तक्ता अगदी बरोबर आहे.

१३ मे
‘विधवा, दुकान चालवते.’ म्हणजे सोसे. आधी भांडली, मग रडली. म्हणाली, माझा तर गेला, त्या मालिकेतला तरी वाचतो का बघते. मी तिला क्षमेवरचं वचन ऐकवलं. तिनं माझी उधारी बंद केली.

१४ मे
‘नवरा धर्मसेवेत.’ म्हणजे पाळकबाई! पण संशोधन ते संशोधन. पाळकबाई म्हणाल्या, हळू बोल बाई, साहेब आत आहेत. निघताना टोपलीभर तारोचे कंद हातात दिले. अशा कामात भेट घेऊ नये. पण पाळकबाईंना नाही म्हणणं उद्धटपणा. आज तारो उकडला.

१७ मे
तक्त्याखाली बारीक टीप सापडली. एक बाई हिशेबातून गाळली आहे. बावन्न वर्षांची, मॅट्रिक, घर सांभाळते. ‘मोबाईल फक्त पवित्र वचनासाठी’ असं म्हणाली, आणि मोबाईलमधली नोंद काढली तर बघणं सगळ्यांत जास्त. तिच्यामुळे सरासरी बिघडत होती.
कोण ही ढोंगी? गावभर विचार करून पाहिला. या वयाची मॅट्रिक इथं दुसरी कुणी नाही. वाइओलाला विचारलं तर तिला खोकल्याची उबळ आली. आल्याचा काढा दिला.

२४ मे
सारांश झाला. अकरा पानं. तीनशेची मर्यादा आळशी मुलांसाठी असते. हे म्हणाले, सारांश म्हणजे मूळच्यापेक्षा छोटा ना? मूळ नऊ पानांचं आहे. म्हटलं, तुम्ही तुमची जाळी बघा. सारांशात मी नावंही घातलीत.
गाळलेल्या बाईपुढे ‘शोध चालू’ लिहिलं. बोटीनं पाठवला.

३ जून
मंडळाच्या बैठकीत माझ्या चटईवर कुणी बसलं नाही. पाय पसरून बसता आलं. तरी पाठ दुखली. रेडिओसाठी घसा साफ ठेवायचा म्हणून कुणाशी बोलले नाही. कुणी बोललंही नाही.

११ जून
सरांचं उत्तर आलं. नापास. शब्द फार. लोकांची नावं लिहिणं हा अपराध. आणि हे गाव आपल्या देशातलं नाहीच, दुसऱ्याच देशातल्या बेटावरचं आहे. पहिल्याच पानावर ठळक छापलंय म्हणे. आता पुढच्या वर्षी.
लगेच फुआतिनोकडे गेले. म्हटलं, तक्त्यातली ती तू नव्हेस गं. म्हणाली, मग मी कबूल कशाला केलं?
घरी आले.

१५ जून, रविवार
पत्रक रेडिओवर फुआतिनोनं वाचलं. सर्टिफिकेट नाही, काही नाही. पाळकबाईंनी सुचवलं म्हणे. दोनदा अडखळली. आमच्या घरात कुणी रेडिओ बंद केला नाही, मीही नाही. नीरफणस जरा करपला.
फार थकवा आलाय. पण एका गोष्टीचं समाधान आहे. ती गाळलेली बाई आपल्या गावची नव्हती.
शंख वाजला. वचन काढते.