एकशे सत्तेचाळिसावं पत्र

सोमवार, ४ मार्च

शिक्कासाहेबांनी बोलावलं. म्हणजे एचआरचे साहेब. समोर येईल त्या कागदावर शिक्का मारतात म्हणून हे नाव, पाठीमागे अर्थात! दीडेकशे पत्रं काढायची आहेत. मजकूर एकच, फक्त नाव, क्रमांक आणि विभाग वेगळा. "मजकूर नंतर देतो. तुम्ही नुसती मांडणी लावून ठेवा," म्हणाले.

बहुतेक जुन्या लोकांच्या कौतुकाची पत्रं असतील. दादाची इथेच, माल पाठवणाऱ्या डिस्पॅच विभागात, चोवीस वर्षं झाली. त्यालाही मिळेल. वहिनी फ्रेम करून लावेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून जीव नकोसा करेल.

बुधवार, ६ मार्च

दिवसभर वर्डशी भांडण. साच्यात महिरपी कंसात 'नाव' लिहायचं, कोडने तिथे खरं नाव भरायचं, एवढंच काम. तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेलं कोड, आहे त्यासाठी. पण वर्ड तो कंस आतल्या आत तोडून ठेवतं! आपल्याला अखंड दिसतो, लायब्ररीला तुकडे दिसतात. नाव भरलंच जात नाही. शेवटी सगळं पुसून एका दमात टाइप केलं, तेव्हा कुठे चाललं.

मग लांब नाव चौकटीत मावतं का ते बघायचं होतं. माझ्या ओळखीत सगळ्यात लांबलचक नाव दादाचं. तेच नावांच्या फाइलमध्ये घातलं, क्रमांक आणि विभागासकट. खोट्या माहितीवर चाचणी करणं मला आवडत नाही. मावलं!

शुक्रवार, ८ मार्च

मजकूर आला. 'आपली सेवा महिनाअखेरीस संपुष्टात येत आहे.'

कौतुक म्हणे! कसली मूर्ख मी.

यादीही आली. आधी दादाला शोधलं. नाही, तो नाही! जीव भांड्यात पडला. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. एकशे सेहेचाळीस लोक आहेत त्यात. "घरी अवाक्षर काढायचं नाही," साहेबांनी दोनदा बजावलं.

सोमवार, ११ मार्च

यादी माझ्या फाइलमध्ये चिकटवली आणि कोड चालवलं. अर्ध्या मिनिटात सगळी पत्रं तयार. साहेबांची सहीसुद्धा कोडच लावतं, त्यांना पेन उघडावं लागलं नाही. फोल्डरमध्ये १४७ फाइली. साहेबांच्या यादीची शेवटची ओळ बघितली, तिथेही १४७. जुळलं. बरोबरची खूण करून पाठवून दिलं.

नीट झालेल्या कामाचा आनंद आज झाला नाही.

मंगळवार, १२ मार्च

दादा जेवताना म्हणाला, "तुमच्या मजल्यावर काय एवढी कुजबुज चाललीये?" म्हटलं, काही नाही.

गुरुवार, १४ मार्च

पत्रं वाटली. दादालाही मिळालं.

मला कळायला तीन मिनिटं लागली. साहेबांच्या यादीत पहिली ओळ मथळ्याची. म्हणजे शेवटची ओळ १४७ असली तरी माणसं १४६च. आणि माझ्या फाइलमध्ये वर दादाची चाचणीची ओळ तशीच राहिलेली. मी काढलीच नव्हती. मी! जी दुसऱ्यांच्या कोडात डोळ्यांत तेल घालून चुका काढते.

घरी आले तर दादा पायरीवर बसलेला, अंगात अजून कामाचा शर्ट. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "तुला माहीत असणार. बोलता येत नसेल. मी रागावलो नाहीये गं."

त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. सगळं सांगितलं. त्याने पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं. मग म्हणाला, "चूक आहे ना? मग सुधारता येईल." वहिनी आतून बाहेरच आली नाही.

शुक्रवार, १५ मार्च

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत याचीच मला भीती वाटली. म्हणाले, "वर आकडा एकशे सत्तेचाळीस गेलाय. तुमच्याच फोल्डरवरून दिला. आता एक माणूस परत आला तर एक जायला हवा." मग एक कागद सरकवला. दादाच्याच विभागातली, त्याच हुद्द्याची चार नावं. "चूक तुमची, नाव तुम्हीच द्या. सोमवारपर्यंत."

नाही म्हणायला हवं होतं. कागद घेऊन बाहेर आले.

रविवार, १७ मार्च

चौघांतल्या एकालाच मी ओळखते. दादाचा डबा खाणारा चष्मेवाला. आपल्या घरी येतो, मला ताई म्हणतो. बाकी तीन नुसती नावं.

आपण निवडायचं नाही, असं ठरवलं. मशीनला चारांतून एक काढायला सांगायचं. दोन ओळींचं कोड. चालवलं. चष्मेवाला आला.

पुन्हा चालवलं.

सोमवार, १८ मार्च

बाकीच्या तिघांतलं एक नाव दिलं. त्याचं पत्र काढलं. पहिल्या फटक्यात बिनचूक आलं, कुठे काही तुटलं नाही. दादाला दुपारी परत बोलावलं. वहिनीने मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावर तोंड लपवून उभी राहिले.

बुधवार, २० मार्च

ज्याचं नाव दिलं तो माणूस काल दादाला मुद्दाम भेटायला आला होता. हात हातात घेऊन म्हणाला, "तुमचं तरी झालं, बरं वाटलं." दादाने जेवताना सांगितलं आणि ताट तसंच ठेवून उठला. नाव कोणी दिलं, ते मात्र त्याने मला विचारलं नाही.

गुरुवार, २१ मार्च

सकाळी दादाने एक कागद पुढे केला. राजीनामा. त्याच्या हातच्या चार ओळी. "तुझं लिहिण्या-तपासण्याचं काम आहे ना? चुका बघ," म्हणाला.

दोनदा वाचला. एकही नव्हती.