छतातले बारा दिवे

अग्रहार, म्हैसूर
४ जून २०१९

ती. अंबूताईस,
धाकट्या पद्मनाभचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललो तर अप्पांच्या कानावर जातं, म्हणून पत्र. आपल्या शिवणाच्या दुकानाचं काम एकदाचं झालं. काचेचं दार, फॉल्स सीलिंग आणि त्यात बसवलेले बारा गोल दिवे. हेब्बाळच्या एका हॉटेलात तसले सोनेरी दिवे पाहिले होते, तेच हट्टानं आणले. टेलरचं दुकान नव्हे, सराफाची पेढी वाटते!

पण अप्पांचं बिनसलंय. महिन्याभरात तीनदा गडद निळ्या ब्लाउजला काळा दोरा लावला. गिऱ्हाइकांनी तोंडावर सांगितलं. कण्णु गेले, डोळेच गेले, आता साकु, पुरे झालं, असं म्हणाले आणि कात्री कपाटात ठेवून घरी बसले. डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत, पण अप्पांना पटत नाही. मीही त्यांना आराम करा म्हणालो. चुकलं का गं?

भाओजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा पद्मनाभ


बेळगाव
११ जून २०१९

चि. पद्मनाभास अ. उ. आ.

चुकलं म्हणजे काय, चांगलंच चुकलं! अरे शहाण्या, दोष तुझ्या दिव्यांचा आहे. आमच्या साड्यांच्या दुकानात यांनीही हौसेनं असेच लावले होते. तपकिरी म्हणून नेलेली साडी उन्हात जांभळी निघाली, आणि बाई भांडायला दारात.

पिवळा उजेड घरी बैठकीत लाव, छान दिसतो. कापड बेतायच्या टेबलावर मात्र दुधी पांढरा हवा, आणि खोक्यावर सीआरआय नव्वदच्या वर आहे ना ते बघ. रंग किती खरे दिसतील, त्याचा तो आकडा. दिवा पाठीमागे नको, आपलीच सावली कापडावर पडते.

पण आधी निळ्या कापडाला तू स्वतः दोरा जुळवून बघ. मग अप्पांची माफी माग. मी रागावले आहे, तरी माझा जीव तुझ्यावरच आहे, तुझाही असू दे.

तुझी अंबूताई


म्हैसूर
२ जुलै २०१९

चि. सौ. अंबूस अप्पांचे अ. उ. आ.

पद्मनाभनं भर दुपारी, तरण्या डोळ्यांनी काळाच दोरा उचलला. तसाच धावत घरी आला आणि माझे पाय धरले. रागवायचं मनात होतं, जमलं नाही. टेबलावरचे चार दिवे बदलले, तसे सगळे निळे दोरे मला वेगवेगळे दिसले. तिन्ही ब्लाउज मागवून उसवले आणि पुन्हा शिवून दिले.

चूक माझीही आहे. जन्मभर प्रत्येक कापड दाराशी नेऊन, दिवसाच्या उजेडात बघून दोरा लावला. नव्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर उठून दाराशी जायला लाज वाटली. पोरानं एवढ्या हौसेनं केलेलं, त्याला कमीपणा नको, असंही वाटलं.

एक सांगतो, पद्मनाभला कळू देऊ नकोस. घरी बसल्यावर मी डोळे मिटून खाटेपासून मोरीपर्यंत चालायचा सराव करत होतो. सतरा पावलं होतात. फार भ्यालो होतो, अंबू.

आता ते सोडलं. जयलक्ष्मीच्या लग्नाचे ब्लाउज तिकडे शिवायला टाकू नकोस. नात माझी आहे. कापडं इकडे पाठव, आणि गडद रंगांची निवडून पाठव.

आहे ती माया वाढती ठेवावी.

तुझा अप्पा