दांडी शिवानंदाला का दिलीत?

सोलापूर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय अप्पा,

'प्रिय' हा शब्द सवयीनं लिहिला गेला. आज तसं काही वाटत नाही. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मी रडले, शाळेत शिकवायला गेले, आल्यागेल्याला चहा करून दिला. रागवायला तेवढी सवड मिळाली नव्हती. आज सकाळी शिवानंद आला आणि ती मिळाली.

तुमचा लाडका पुतण्या! अक्कलकोटहून पहिल्या एसटीनं आला. काखेत तुमची दांडी, पिशवीत दोराचा हा एवढा गुंता. उंबऱ्यातच म्हणाला, "अक्का, दोर फुडं जाईनाच की. पायापाशीच पडतोय."

पडणारच! तालमीत कमावलेले दंड त्याचे. तो ताकद लावतो. हे ताकदीचं काम नाही हे तुम्ही त्याला एकदाही सांगितलं नाहीत?

तुमच्या मिलमधला गोरा इंजिनियर देश सोडून गेला तेव्हा ती दांडी तुम्हाला देऊन गेला. मासे धरायची, बांबूच्या बारीक पट्ट्या जोडून केलेली, सोबत रेशमाचा जड दोर. साहेब त्यानं माशीसारखा दिसणारा हलका गळ तळ्यात लांब फेकायचा. आपण लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. अव्वा स्वयंपाकघरातून ओरडली, "गळ बेडा! ह्या घरात न्हाई म्हंजे न्हाई!" बायकोपुढं तुमचं काय चालणार? तुम्ही गळाचं टोक पकडीनं तोडलंत आणि उरलेल्या तुकड्याला लाल लोकर बांधलीत. मासा नको, आमिष नको, नुसता दोर किती लांब जातो ते बघायचं. साऱ्या सोलापुरात असं वेड लागलेले तुम्ही एकटे. आणि दुसरी मी.

बहात्तरच्या दुष्काळात हिप्परग्याच्या तळ्याचं पाणी पार आत गेलं, काठाची माती भेगाळली. तरी आपण रविवारी तिथंच! खडी फोडायला आलेल्या बायका टकामका बघायच्या. एकीनं विचारलंच, "अवो मालक, पाणी न्हाई तितं मासं कुटनं घावायचं?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "मासा कुणाला पायजे? दोर बघतोय न्हवं." त्या पोट धरून हसल्या. मलाही हसू आवरेना. तेवढ्यात तुम्ही माझ्यावर डाफरलात, "मनगट!"

मनगट, मनगट, मनगट! ते वळू नये म्हणून तुम्ही पंच्याच्या चिंधीनं दांडीच्या मुठीशी बांधून ठेवायचात. दांडी मागं न्यायची आणि कानाच्या वर झटकन थांबवायची. मग पाठीमागं दोर पूर्ण सरळ होईस्तोवर वाट बघायची. किती? आखूड दोराला नुसतं 'शिवा' म्हणण्याइतकी. लांब दोराला अख्खं 'ओम नमः शिवाय', मनातल्या मनात, घाई न करता. जप करायला बसल्यावर तुमची चुळबुळ चालायची, पण इथं एक अक्षर गाळू द्यायचा नाहीत.

आणि डावा हात. मागं जाताना डाव्या हातानं दोर एकदा खाली ओढायचा, पुढं येताना पुन्हा एकदा, आणि दांडी थांबली की सोडून द्यायचा. ती ओढ मला जमायला वर्ष गेलं. बोटांना चिरा पडल्या, भाकरी थापताना झोंबायच्या. जमली त्या दिवशी दोर सळसळत गेला आणि लोकर पार पुढं जाऊन अलगद टेकली. मी वळून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "डावा पाय जरा मागं घे."

एवढंच? अप्पा, वर्षभराच्या कष्टाला एवढंच? एकदा 'चांगला गेला' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?

पुढच्या वर्षी मॅनेजरच्या मागं लागून तुम्ही मिलच्या खेळांत दोरफेक ठेवून घेतलीत. मला वाटलं, माझ्यासाठीच. सकाळी लवकर उठून मी पदर खोचून तयार होते. तुम्ही दांडी शिवानंदाच्या हातात दिलीत आणि टेप माझ्या. "चारचौघांत पोरीनं दोर फेकायचा व्हय? तू टेप धर." त्यानं मंत्र मोठ्यानं म्हटला, तोही मागं कुत्रं लागल्यासारखा. दोर मागं सरळ व्हायच्या आत हिसडा मारला. चाबकासारखा आवाज आला, लोकर तुटून उडाली आणि दोर तीस हातांवर ढीग होऊन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीसुद्धा! आदल्याच आठवड्यात मी पन्नास हात टाकला होता, आणि तिथं गुडघ्यांवर बसून त्याचे तीस मोजत होते.

आणि दवाखान्यातलं ते? मी उशाशी, चमच्यानं पाणी पाजतेय, आणि तुम्ही अव्वाला सांगताय, "दांडी शिवानंदाला द्या." माझ्याकडं बघितलंतसुद्धा नाही.

तर आज मी त्याचा गुंता सोडवत बसले. दोन तास गेले. शिवानंद समोर मांडी घालून बसला होता. मनानं सरळ आहे तो, लपवाछपवी जमत नाही. म्हणाला, "काका म्हनायचे, लांब फेकणारी आमच्यात एकच, गिरिजा. मला बी तिच्यासारकं जमत न्हाई. शिकायचं असंल तर तिच्याकडनं शिक."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"म्हनले, तिला सांगू नको. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी."

"आणि दांडी?"

"ती सासरी जानार. तितं माळ्यावर पडंल, म्हनले."

मी मेंढी? अप्पा, सासरचा अजून पत्ता नाही आणि तुम्ही त्यांचा माळासुद्धा बघून आलात! माझं कौतुक पुतण्याला ऐकवायचं आणि मला फक्त चुका सांगायच्या, ही कुठली रीत? माझ्या वाटणीचं ते एक वाक्य होतं. ते तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकलंत. दांडीपेक्षा मला त्याचं जास्त लागलं.

मी तशीच उठले. दांडी घेतली, शिवानंदाला सायकल चालवायला लावली आणि हिप्परग्याला गेले. रविवार, काठावर ही गर्दी. धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी धुणारे गडी, सगळ्यांदेखत पदर खोचला. तिसऱ्या फेकीला लोकर पाण्यातल्या त्या काळ्या खडकापलीकडं पडली. तिथवर तुमचा दोर कधी पोचला नव्हता. मी वळले, तर मागं तुम्ही नाही. मला इतका संताप आला की रडूच फुटलं.

मग शिवानंदाला उभं केलं. पंधरा-वीसदा पाण्यात ढीग पडला. नंतर एकदा, कसा कोण जाणे, तो मंत्र संपेस्तोवर खरंच थांबला. दोर सरळ, सुरेख गेला. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या तोंडून आलं, "कोपर आत घे."

त्याचा चेहरा पडला. माझाही तेव्हा असाच पडत असणार. तुम्हाला दिसत नव्हता का हो, अप्पा?

बघा, काय वारसा ठेवून गेलात! राग गेलेला नाही, जायची घाईही नाही. दांडी मी परत देणार नाही, शिवानंदाला तसं सांगून टाकलंय. शिकायला मात्र तो दर रविवारी येणार आहे. आणि तुम्हाला वचन देते, यापुढं त्याचा दोर चांगला गेला की मी आधी तसं म्हणेन, मोठ्यानं, काठावरच्या म्हशींनाही ऐकू जाईल असं. चूक त्यानंतर सांगेन.

सुरुवात आजच करते, कारण मीही तुम्हाला हे कधी म्हटलं नव्हतं. अप्पा, तुमचा दोर लई चांगला जायचा.

तुमची,
गिरिजा