इथून हलू नकोस

सोम., ३ नोव्हें.
बिल्डिंग पाडून नवी बांधणार. शुक्रवारी संध्याकाळी किल्ल्या द्यायच्या. जेसल पार्कातली ही बिल्डिंग माझ्याहून कितीतरी तरुण, पण आधी तीच चालली! शिमोनचा कॅनडाहून फोन. "आई, आता कायमची इकडेच ये. रविवारचं तिकीट काढलंय." कॅलेंडरवर रविवारी पेन्सिलीने खूण केली. पेनने नाही.

मंगळ., ४
दुपारी डोळा लागला. भाईंदरच्या खाडीवर बर्फ पडत होता. काठावर पोलंडातल्या त्या शेतकऱ्याचं अंगण, आणि राखाडी कोटातली आई. महायुद्धात जर्मनांपासून मला तिथे लपवून गेली तेव्हा म्हणाली होती, "इथून हलू नकोस, मी आलेच." लढाई संपली. ती नाही, मामा आला, बोटीने मुंबईला घेऊन आला. तेव्हापासून हलायचं म्हटलं की वाटतं, आई येईल आणि मी तिथे नसेन. आई आता कुठून येणार? कळतं मला. पण कळून वळलं तर ना!

गुरु., ६
मासेवाली मेरी आली. आम्हा ज्यूंना बिनखवल्याचा मासा चालत नाही, म्हणून टोपली उतरवतानाच, "खवलं हाईत गो आजी, बघ." मग म्हणाली, "कॅनडाला कोन हाय तुझ्याशी बोलाया? आमच्या गावात, तारोडीला, माझी एक खोली रिकामी हाय." मला रडूच आलं. दाराच्या चौकटीवरची मझुझा, येता-जाता बोटं लावून ओठांशी न्यायची आमच्या प्रार्थनेची डबी, तिनेच काढून दिली. माझा हात पोचेना. तिथे फिकट खूण राहिलीय.

शुक्र., ७, दुपार
आत्ताच लिहून घेते. सूर्य मावळताना शब्बाथचा, आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लागला की लेखणी बंद. दिवाही मग हलवायचा नाही, फुंकायचा नाही, आपला आपण विझू द्यायचा. सामान गेलं. दिव्यासाठी सासूबाईंचा रायगडचा काचेचा पेला तेवढा मागे ठेवलाय.
बिल्डरचा माणूस आला. "आजी, चाबी?"
"दिया बुझने के बाद."
मेरीने पेल्यात खोबरेल काठोकाठ ओतलं. "उद्यापरयंत जळंल." लबाड! मीही त्यात लांब वात सोडली.

मघाशी डुलकी लागली. आई दारात. फिकट खुणेला बोटं लावून ओठांशी नेली. मग म्हणाली, "चल गं, किती वेळ थांबलीस." मराठीत! तिला कुठलं मराठी?
कुठे, ते विचारणार तोच जाग आली. ऊन उतरलंय, दिव्याची वेळ झाली. काडेपेटी कुठे ठेवली मी...